संत्र्यावर दोनदा आलेली थंडी



पाऊस दरवर्षी येतो, म्हणून आपण त्याची तयारी दरवर्षी करतो. उन्हाळ्याचंही तसंच. पण जी आपत्ती पन्नास-साठ वर्षांनी एकदा येते, तिची तयारी कोण करणार? आजा सांगून गेलेला असतो, नातू विसरलेला असतो. उष्ण मुलखात पडणारी कडाक्याची थंडी ही अशीच आपत्ती आहे. तिचा इतिहास संत्रा बागायतदारांनी मुद्दाम वाचावा असा आहे. तो घडला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात.

फ्लोरिडा म्हणजे तीन बाजूंनी पाणी असलेला सपाट, रेताड मुलूख. त्याच्या मधल्या भागातलं ऑरलँडो गाव साधारण आपल्या दिल्लीच्याच अक्षांशावर येतं. हिवाळा एरवी सौम्य असतो. पण आपल्या उत्तरेला जसा हिमालय आडवा उभा आहे, तसा तिथे एकही डोंगर आडवा नाही. त्यामुळे कधीतरी उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशाची हवा सपाटीवरून सरळ खाली उतरते.

अशी थंडी फेब्रुवारी १८३५ मध्ये आली आणि सेंट ऑगस्टीन भागातल्या जुन्या संत्राबागा जळाल्या. लोकांनी पुन्हा लागवड केली. वर्षं गेली, रेल्वे आली, बाहेरून माणसं येऊन जमिनी घेऊ लागली. जानेवारी १८८६ मध्ये थंडीनं एक फटका दिला, पण तो लवकरच विसरला गेला. १८९४ पर्यंत तिथून वर्षाला पन्नास लाखांवर पेट्या माल निघू लागला. कित्येक घरांचा सगळा पैसा एकाच पिकात अडकला होता.

२९ डिसेंबर १८९४ च्या पहाटे ऑरलँडोला पारा उणे ८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. झाडावरची फळं गोठली, पानं गळाली. पण झाडं उभी राहिली. लोक म्हणाले, एक हंगाम गेला, बाग तर वाचली.

आता पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या. जानेवारीत हवा उबदार झाली. पानं गळालेल्या झाडांत रस चढला आणि कोवळी नवती फुटली. हिरवी नवती पाहून बागायतदारांच्या जीवात जीव आला. तेवढ्यात ७-८ फेब्रुवारी १८९५ ला दुसरी थंडी आली. खोडात चढलेला रस गोठला आणि बुंध्याच्या साली उभ्या फाटल्या. त्या रात्री साली फुटल्याचे आवाज बंदुकीच्या बारासारखे ऐकू येत होते, असं त्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. बहुतेक झाडं जमिनीपर्यंत मेली. पुढच्या हंगामात साऱ्या राज्यात मिळून जेमतेम दीड लाख पेट्या निघाल्या. अनेक कुटुंबं बागा टाकून निघून गेली. जुना आकडा पुन्हा गाठायला सुमारे पंधरा वर्षं लागली.

थंडी दोन्ही वेळा साधारण सारखीच होती. मग पहिलीत वाचलेलं झाड दुसरीत का मेलं? कारण पहिल्या वेळी झाड विसाव्यात होतं, दुसऱ्या वेळी जागं होतं. विसावलेलं झाड थंडी सोसतं. रस चढलेलं, नवतीवर आलेलं झाड तीच थंडी सोसत नाही. मधल्या उबेनं झाडाला फसवलं, आणि झाडानं माणसाला.

संशोधकांनीही हेच सूत्र धरलं. १८९७ मध्ये वॉल्टर स्विंगल यांनी तीन पानांच्या रानटी संत्र्याचा गोड मोसंबीवर्गीय संत्र्याशी संकर केला. हे रानटी झाड हिवाळ्यात पानं गाळून पुरता विसावा घेतं. संकराची फळं खाण्याजोगी निघाली नाहीत, पण पुढे याच जातीच्या संकरांतून ट्रॉयर आणि कॅरिझो हे नावाजलेले खुंट मिळाले.

एवढं होऊनही विसर पडायचा तो पडलाच. डिसेंबर १९८३, जानेवारी १९८५ आणि डिसेंबर १९८९ अशा तीन थंड्यांनी मध्य फ्लोरिडाच्या बागा पुन्हा झोडपल्या. अनेकांनी जमिनी घरबांधणीला विकल्या आणि संत्र्याचा पट्टा दक्षिणेला सरकला.

आपल्याकडे उणे ८ अंश होत नाही. पण नागपूरला ७ जानेवारी १९३७ ला पारा ३.९ अंशांवर आला होता. तो नीचांक मोडला २९ डिसेंबर २०१८ ला, ३.५ अंशांनी. मध्ये ८१ वर्षं गेली! एवढ्या थंडीनं मोठं झाड मरत नाही. मात्र वेधशाळेच्या आकड्यापेक्षा सखल शेतातली जमिनीलगतची हवा आणखी थंड असते. तिथे दव गोठतं आणि रोपं, कोवळी नवती, भाजीपाला करपतो. म्हणून या गोष्टी पाळा :

१. आंबिया बहारासाठी दिलेला ताण नीट पूर्ण होऊ द्या. डिसेंबरात थोडी ऊब जाणवली म्हणून घाईनं पाणी आणि नत्र खत देऊन झाड जागं करू नका.

२. रोपवाटिका, नवी लागवड आणि मृगाची फळं असलेली झाडं यांना थंडीच्या लाटेत संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते. ताणावरच्या बागेला मात्र हा उपाय करू नका.

३. लहान कलमांना तुराट्या किंवा कडब्याचा आडोसा करा. आग्नेयेची बाजू उघडी ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल.

४. फ्लोरिडात लहान झाडाच्या बुंध्याला कलमाच्या सांध्यावर मातीची भर लावत, म्हणजे वरचं झाड गेलं तरी सांध्यावरचा डोळा वाचून पुन्हा फुटे. ती रेताड जमीन. आपल्या काळ्या जमिनीत अशी ओली भर सालीला लागून राहिली तर डिंक्या होतो. तेव्हा ही नक्कल करू नका.

५. थंडीनं करपलेली फांदी लगेच छाटू नका. नवी फूट कुठून येते ते दिसल्यावरच जिवंत भागापर्यंत छाटा आणि कापावर बोर्डो मलम लावा.

६. सगळी जमीन एकाच पिकाखाली घालू नका.

आणि एक काम आजच करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या शिवारात दव कोणत्या साली गोठलं होतं, कोणत्या वावरात गोठलं होतं. ते साल आणि ते वावर वहीत लिहून ठेवा. नवी बाग लावताना ती वही आधी उघडा.