मोटारकारच्या टायरचे आकारमान

मोटारकारच्या टायरचे आकारमान हे टायरची रुंदी, उंची, रचना आणि रिमचा व्यास दर्शवणारे एक प्रमाणित अंकाक्षरी चिन्हांकन आहे. ते टायरच्या बाजूच्या भिंतीवर (साइडवॉलवर) उठावदार अक्षरांत छापलेले असते. त्याच्यापुढे भारांक आणि वेगचिन्ह दिलेले असते.

चिन्हांकनाचा अर्थ

उदाहरणार्थ, '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' या चिन्हांकनाचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो:

* २०५ – टायरच्या छेदाची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
* ५५ – बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. येथे ती सुमारे ११३ मिमी आहे.
* आर – रेडियल रचना. या रचनेचे टायर मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४९ साली बाजारात आणले.
* १६ – रिमचा व्यास, इंचांमध्ये.
* ९१ – भारांक. योग्य हवेच्या दाबाला एका टायरवर कमाल ६१५ किलोग्रॅम भार चालतो.
* व्ही – वेगचिन्ह. कमाल वेग ताशी २४० किमी.

टायरचा एकूण व्यास काढण्यासाठी रिमच्या व्यासात भिंतीची उंची दोनदा मिळवतात. वरील टायरचा व्यास ४०६.४ + २२५.५ = ६३१.९ मिमी भरतो.

प्रत्यक्ष रुंदी आणि दिसणारी रुंदी

छापलेली रुंदी ही हवा भरलेल्या, भार नसलेल्या टायरची एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंतची रुंदी असते. रस्त्याला टेकणारा नक्षीदार पट्टा सहसा त्याहून अरुंद असतो. तोच टायर अर्ध्या इंचाने रुंद रिमवर बसवल्यास त्याची रुंदी साधारण ५ मिमीने वाढते. त्यामुळे एकाच आकारमानाचे दोन टायर कमी-अधिक रुंद दिसू शकतात.

टायर रुंद भासण्यात भिंतीच्या उंचीचाही मोठा वाटा असतो. पुढील तीन टायरांचे व्यास जवळजवळ सारखे आहेत:

* १६५/८० आर १४ – भिंत १३२ मिमी, व्यास ६१९.६ मिमी
* १८५/६५ आर १५ – भिंत १२०.३ मिमी, व्यास ६२१.५ मिमी
* १९५/५५ आर १६ – भिंत १०७.३ मिमी, व्यास ६२०.९ मिमी

शेवटचे दोन टायर रुंदीत केवळ १० मिमीने भिन्न आहेत. तरीही तिसऱ्याची भिंत बुटकी आणि रिम मोठी असल्याने तो बराच रुंद भासतो.

टायर बदलताना होणारे परिणाम

केवळ रुंदीचा आकडा जुळवून टायर निवडणे पुरेसे नसते. २०५/५५ आर १६ ऐवजी २०५/६५ आर १६ बसवल्यास रुंदी तीच राहते, पण व्यास ४१ मिमीने वाढतो. परिणामी वेगमापकावर पूर्वी ताशी ८० किमी ज्या वेगाला दिसत असे, त्याहून सुमारे साडेसहा टक्के अधिक वेगाने गाडी धावत असतानाही तोच आकडा दिसतो. टायर चाकाच्या कमानीला घासण्याचाही संभव असतो.

रुंद टायरची कोरड्या रस्त्यावर वळणावरील पकड सहसा चांगली असते. मात्र साचलेल्या पाण्यावर, इतर बाबी समान असल्यास, तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो आणि सुकाणूवरील ताबा सुटू शकतो. बुटकी भिंत खड्ड्यांचे धक्के कमी शोषते, त्यामुळे रिम वाकण्याचा धोका वाढतो. म्हणून मूळ व्यास कायम ठेवून, भारांक व वेगचिन्ह उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा कमी नसलेला टायर निवडणे सुरक्षित मानले जाते. मान्य आकारमाने आणि हवेचा दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात.