मातींत कोरलेला पाऊस

न्यू मेक्सिकोंतील रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यांत सांता क्लारा व सान इल्देफोन्सो हीं प्यूब्लो लोकांचीं दोन गांवें आहेत. तेथील काळींभोर, आरशाप्रमाणें चकाकणारीं, खोल नक्षी कोरलेलीं मातीचीं भांडीं पदार्थसंग्रहालयांतून मोठ्या मानानें मांडलेलीं असतात. तीं पाहून कोणासही वाटावें कीं, ही कला शेंकडों वर्षें जशीच्या तशी चालत आली असावी. हें अनुमान अर्धेंच खरें आहे.

घडविण्याची रीति पुरातन आहे, यांत शंका नाहीं. चाकाचा उपयोग मुळींच नाहीं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून स्त्रिया भांडें उभारतात, भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्यानें त्याचें अंग सारखें करतात, आणि पातळ मातीचा लेप देऊन तें गुळगुळीत गोट्यानें घोटतात. असे गोटे आईकडून मुलीकडे वारसा म्हणून जातात. भाजतांना जाळावर शेणाचा कोरडा भुगा टाकून हवा कोंडली म्हणजे एरवीं तांबडें निघणारें भांडें धुरानें काळें होतें.

खोल कोरीव काम मात्र फार जुनें नाहीं. १८८० सालीं आगगाडी त्या प्रांतांत पोहोंचली. कारखान्यांतील धातूचीं भांडीं स्वस्त झालीं आणि मातीच्या घागरीची घरांतील गरज ओसरूं लागली. पण त्याच गाडीनें प्रवासी आले, आणि घागर बाजारांत गेली. १९३० च्या सुमारास सान इल्देफोन्सो येथें रोज गोन्झालेस यांनीं कोरीव काम सुरू केलें. सांता क्लारा येथें ताफोया घराण्यानें तें वाढविलें. मार्गारेट ताफोया (१९०४–२००१) यांचे प्रचंड रांजण प्रसिद्धच आहेत. अर्धवट सुकलेल्या भांड्यावर आकृतीभोंवतालची माती खरवडून काढावयाची, उंच भाग घोटावयाचा आणि खळगा निस्तेज ठेवावयाचा, अशी ही पद्धति.

मग ही केवळ बाजारासाठीं काढलेली नवी तऱ्हा म्हणावयाची काय? उत्तर नक्षींतच आहे. शिंगें असलेला जलसर्प ‘अवान्यू’ भांड्याभोंवतीं वळसे घेतो. त्याच्या मुखांतून वीज निघते. कोठें पायऱ्यापायऱ्यांचे मेघ असतात. अस्वलाचा पंजा तर सांता क्लाराची खूणच होय. अवर्षणांत अस्वलानें लोकांस पाण्याचा मार्ग दाखविला, अशी तेथील आख्यायिका आहे. ज्या भूमींत पाऊस दुर्मिळ आणि मक्याचें पीक त्याच्याच भरंवशावर, तेथें या आकृति नुसती शोभा कशा असतील?

ग्राहक बदलला, हत्यार बदललें, भांड्याचा उपयोगही बदलला. पाणी आणणारी घागर आतां पाणी आणीत नाहीं; पण पाण्याची प्रार्थना तिच्या अंगावर पूर्वींहून खोल उमटली आहे. परंपरेचें वय मोजतांना आपण बहुधा तिच्या बाह्य रूपाचें वय मोजतों, आणि रूप नवें दिसलें कीं तिला खोटी ठरवितों. या दोन गांवांतील स्त्रियांनीं तो हिशेब चुकीचा ठरविला आहे.