करकपात झाली, सत्ता मात्र लांब गेली

सरकारचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर त्याला मिळणाऱ्या करावरच लगाम हवा, हा अमेरिकेतील पुराणमतवाद्यांचा जुना आग्रह. त्याची मोठी कसोटी कॅलिफोर्नियात ६ जून १९७८ रोजी लागली.

सत्तरच्या दशकात तिथे घरांच्या किमती भराभर वाढल्या आणि त्यांच्यामागोमाग मालमत्ता करही. ठरावीक निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना राहते घर टिकवण्याची विवंचना पडली. राज्याच्या तिजोरीत मात्र अब्जावधी डॉलर शिल्लक होते. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी नेमके या विसंगतीवर बोट ठेवले. त्यांचा ‘प्रस्ताव १३’ मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर केला. कराचा दर १ टक्क्यावर रोखला गेला. मूल्यांकन १९७५ च्या पातळीवर नेले गेले आणि मालकी बदलेपर्यंत त्यातली वाढ वर्षाला २ टक्क्यांपुरती बांधली गेली. राज्याचे कर वाढवायला विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमत लागू लागले.

घरमालकांना मिळालेला दिलासा खराच होता. पण मालमत्ता कर हे शहरे, काउंटी आणि शाळांचे हक्काचे उत्पन्न. ते निम्म्याहून अधिक घटले. राज्याने शिलकीतून मदत केली आणि उरलेल्या कराचे वाटपही आपल्या कायद्याने ठरवले. जवळचे, लहान सरकार हवे म्हणणाऱ्यांच्या विजयानंतर गावच्या पैशाचा निर्णय राजधानी सॅक्रामेंटोत होऊ लागला. कर किती द्यायचा हे मतदारांनी ठरवले. तो कुठे खर्च करायचा हे ठरवणे मात्र त्यांच्या गावाच्या हातून निसटले.