संध्याकाळी भाव पडतो

1958 सालच्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. इटलीच्या वायव्येला, प्येमोंतेतल्या लांगे टेकड्यांवर, सेर्रालुंगा गावाच्या खालच्या उतारावर तुम्ही उभे आहात. दरी धुक्याने भरली आहे. धुक्यावर फक्त टेकड्यांचे माथे आणि गावातला उंच, अरुंद किल्ला दिसतो. लांब आल्प्सवर बर्फ पडलेलं आहे. पायाखालची चुनखडीची पांढुरकी माती दवाने भिजली आहे, प्रत्येक पावलाला ती बुटाला चिकटून येते.

तुमच्या हातात कात्री आणि विलोच्या फांद्यांची टोपली आहे. "घड ओढू नका, देठाशी कापा," शेजारच्या ओळीतून घरची आजी सांगते. द्राक्षं नेब्बिओलोची. बाकीच्या जाती कधीच उतरवून झाल्या. हीच एवढी उशिरा पिकते, त्यामुळे घरातलं कुणीही ऑक्टोबरभर धड झोपत नाही. पावसाने साल कुजू शकते आणि गारा तर दहा मिनिटांत वर्ष संपवतात. उन्हाळ्यात ढग काळे झाले की गावात चर्चच्या घंटा वाजवतात. नेब्बिओलोला जागाही उत्तम लागते. दक्षिणेकडे तोंड असलेला, हिवाळ्यात जिथलं बर्फ सगळ्यात आधी वितळतं तो उतार. या घराकडे असा एकच तुकडा आहे.

दुपारी बांधावर बसून जेवायचं. मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, म्हणजे पोलेंता. म्हातारबा सांगतात की त्यांच्या लहानपणी छताला दोरीने एक खारवलेला अँचोव्ही मासा टांगलेला असे आणि घरातला प्रत्येकजण आपला पोलेंताचा तुकडा त्याला घासून खाई. मासा कुणी खायचा नाही, तो पुढच्या जेवणांसाठी. आज पानात चीज आहे, पण पेल्यात नेब्बिओलो नाही. घरी प्यायची ती दोल्चेत्तो, दुसऱ्या जातीच्या द्राक्षांची. ज्यांच्यासाठी हात राबतात ती द्राक्षं विकायची, हे इथे इतकं ठरलेलं आहे की त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही.

ती कशी विकली जातात, हे पाहायला दुसऱ्या दिवशी बैलगाडीवर बसून आल्बाच्या बाजाराला जा. चौकात गाड्यांच्या रांगा लागल्या आहेत. दलाल फिरतात, एखादा मणी तोंडात टाकतात, मान हलवतात आणि पुढे जातात. सकाळी ते भाव बोलतच नाहीत. त्यांना घाई नाही. घाई द्राक्षांना आहे: टोपलीच्या तळाला रस सुटू लागला आहे, माश्या घोंगावताहेत, आणि गाडी भरलेली परत नेणं म्हणजे पीक फेकून देणं. संध्याकाळ होते तेव्हा दलाल परत येतो आणि सकाळी ऐकून कुणी हसलं असतं असा आकडा सांगतो. म्हातारबा टोपी काढून हातात धरतात आणि हो म्हणतात. लांगेच्या गरिबीचं मूळ मला या चौकात दिसतं. माती उत्तम होती, हात कसबी होते, फक्त थांबण्याची ऐपत नव्हती.

म्हणूनच या घरात यंदा भांडण झालं. थोरल्या मुलाने अर्धी नेब्बिओलो विकू दिली नाही. "बाबा, तुम्ही आयुष्यभर संध्याकाळी विकलंत," तो म्हणाला, आणि घरात दोन दिवस अबोला होता.

ती अर्धी द्राक्षं आता तळघरात आहेत. उतरताना मुलगा पुढे मेणबत्ती धरतो. ज्योत विझली तर मागे फिरायचं, कारण आंबणाऱ्या रसाचा वायू खाली साचून माणूस मरतो. ज्योत टिकते. लाकडी हौदात रस बुडबुडतो आहे. वर आलेली सालं फळ्यांनी दाबून रसात बुडवून ठेवली आहेत आणि महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, तशीच राहतील. तेवढ्यात सालीतला सगळा तुरटपणा रसात उतरतो. मग वाइन हजारो लिटर मावणाऱ्या जुन्या पिंपात जाते. पेलाभर चाखा. रंग फिका लालसर, पण हिरड्या आवळून येतात, जीभ कोरडी पडते. अशी वाइन यंदा कुणी पिणार नाही, पुढच्या वर्षीही नाही.

शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलात, तर या टेकड्यांवर वेगळीच वाइन मिळेल. तोड इतकी उशिरा की डिसेंबरच्या थंडीने आंबणं अर्ध्यात थांबायचं आणि गोडवा उरायचा. ती पूर्ण आंबवून कोरडी करण्याचं काम एकोणिसाव्या शतकात, ज्या गावावरून या वाइनला बारोलो म्हणतात तिथल्या जहागीरदारीण जुलिया फाल्लेत्ती आणि पलीकडच्या ग्रिन्झानेचे महापौर, पुढे इटलीचे पहिले पंतप्रधान झालेले कावूर, यांच्या तळघरांत झालं. त्यांना थांबणं परवडत होतं.

या घराला ते कसं परवडलं? 1964 मध्ये पहाटे पाचला रस्त्यावर या. धाकटी सून बसची वाट पाहते आहे. आल्बाच्या फेरेरो कारखान्याची बस गावोगावचे कामगार नेते आणि पाळी संपली की परत सोडते. त्याच वर्षी तिथून न्युटेलाची पहिली बरणी बाहेर पडली. शेजारची कितीतरी घरं तोरिनोला, फियातच्या मोटार कारखान्यात कामाला गेली, त्यांचे उतार झुडपांनी भरले. हे घर राहिलं, कारण सून दुपारी वेलींमध्ये असायची आणि महिन्याला पगार यायचा. बारोलोच्या थोरवीच्या गोष्टीत जहागीरदारीण नेहमी येते. या बसलाही तिथे जागा हवी, असं मला मनापासून वाटतं.

1966. बारोलो या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं आहे. 1958च्या वाइनची बाटली उघडली जाते. रंगाला विटकरी झाक आली आहे. आधी सुकलेल्या गुलाबाचा वास, मग डांबराचा. तुरटपणा आहेच, पण आता तो चव धरून ठेवतो. म्हातारबा घोट घेतात, आणि स्वतःच्या रानातली नेब्बिओलो आपण इतकी मुरलेली कधीच चाखली नव्हती, असं सांगतात.

1986. वसंतात मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने इटलीत वीसहून अधिक माणसं दगावली. गिऱ्हाइकाला आता बाटलीमागचं घर पाहायचं आहे. स्वित्झर्लंडहून गाडी घेऊन आलेला एकजण जास्त पेट्या घेतल्या तर भाव कमी होईल का, असं विचारतो. थोरला मुलगा, आता केस पांढरे झालेला, नाही म्हणतो आणि त्याला 1982चं पिंप दाखवायला खाली नेतो. ते एवढ्यात विकायचं नाही, हे तो जिन्यातच सांगून टाकतो.