जेत्यांचा परवाना आणि जर्मन लेखक

१९४५ च्या पराभवानंतर जर्मनीच्या अमेरिकन ताब्यातील प्रदेशात लष्करी प्रशासनाच्या परवान्यावाचून कोणतेही नियतकालिक निघू शकत नसे. जर्मनांना लोकशाहीचे धडे देऊ पाहणाऱ्या सत्तेनेच छपाईवर असा पहारा बसवला होता. यातली विसंगती प्रथम जाणवली ती अमेरिकनांच्याच हाताखाली तयार झालेल्या दोन लेखकांना.

आल्फ्रेड आंडर्श आणि हान्स वेर्नर रिख्टर हे दोघेही इटलीच्या आघाडीवर अमेरिकनांच्या हाती सापडलेले सैनिक. आंडर्शने तर १९४४ मध्ये आपण होऊन सैन्य सोडले होते. अमेरिकेतील युद्धकैद्यांसाठी निघणाऱ्या 'देर रूफ', म्हणजे 'हाक', या जर्मन पत्रात दोघांनीही लेखन केले. मायदेशी परतल्यावर ऑगस्ट १९४६ मध्ये म्युनिकमधून त्यांनी त्याच नावाचे पाक्षिक काढले, अर्थात अमेरिकन परवान्यावर. समाजवादी आणि एकसंध युरोपचा पुरस्कार, साऱ्या राष्ट्राला एकत्रित अपराधी ठरवण्यास विरोध आणि ताबेदार सत्तांच्या धोरणावर उघड टीका, असा या पत्राचा रोख होता. सोळा अंकांनंतर, एप्रिल १९४७ मध्ये, अमेरिकन प्रशासनाच्या दडपणामुळे दोघांनाही संपादकपद सोडावे लागले.

मात्र या संपादकांना निव्वळ हुतात्मे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. तरुण सैनिकांच्या पिढीचे निरपराधित्व सांगण्याच्या भरात ज्यूंच्या संहाराविषयी त्यांची लेखणी फारशी बोलत नाही. हे मौन पुढेही टिकले. १९५२ मध्ये नीन्डोर्फच्या बैठकीत पाउल त्सेलानने कविता वाचल्या, तेव्हा त्याच्या वाचनाच्या ढंगाची टर उडवली गेली. त्याच्या आईवडिलांचा अंत छळछावणीत झाला होता.

ही बैठक ज्या गटाची होती, तो 'गट ४७' परवान्याच्याच पेचातून जन्मला. सप्टेंबर १९४७ मध्ये बव्हेरियातील बान्वाल्ट सरोवराकाठी काही मित्र एका नव्या मासिकाच्या तयारीसाठी जमले. मासिकाचे नाव ठरले होते 'स्कॉर्पियोन', पण त्याला परवाना मिळाला नाही. छापता येत नाही, तर एकमेकांना वाचून दाखवावे, एवढाच मार्ग उरला. लेखकाने हस्तलिखित वाचायचे, इतरांनी त्याची चिरफाड करायची आणि लेखकाने उत्तर द्यायचे नाही, हा दंडक पुढे वीस वर्षे चालला. गंमत अशी, की १९५० मध्ये गुंटर आइशला मिळालेल्या गटाच्या पहिल्या पुरस्काराचे १००० मार्क एका अमेरिकन कंपनीच्या देणगीतून आले होते. १९५८ मध्ये गुंटर ग्रासने अद्याप अप्रकाशित असलेल्या 'टिन ड्रम'मधील प्रकरणे वाचली ती याच व्यासपीठावर.

एप्रिल १९६६ मध्ये गटाची बैठक भरली ती अमेरिकेत, प्रिन्स्टन विद्यापीठात. अमेरिकेच्या कैदेतून सुटून आलेला रिख्टर आता सन्मान्य पाहुणा म्हणून परतला होता. त्याच सुमारास व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भरलेल्या सभेत पेटर वाइस आणि हान्स मागनुस एन्त्सेन्सबेर्गर सहभागी झाले. ग्रासला ते रुचले नाही. यजमानांच्या अंगणात त्यांच्याच युद्धावर बोलावे की नाही, यावर गटात फूट पडली; वाचनाच्या गुणदोषांवर इतकी तीव्र फूट क्वचितच पडली असेल. वास्तविक परकीय सत्तेला तोंडावर प्रश्न विचारणे हे 'देर रूफ'चेच व्रत होते. ग्रासचा संकोच त्यामुळे काहीसा अनाकलनीय वाटतो.

गटाची अखेरची नियमित बैठक १९६७ मध्ये झाली. १९६८ च्या आरंभी एन्त्सेन्सबेर्गरने कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठाची अभ्यासवृत्ती मध्येच सोडली, अमेरिकन धोरणाचा निषेध करणारे अनावृत पत्र विद्यापीठाच्या अध्यक्षांना लिहिले आणि त्याने क्यूबाची वाट धरली. ते पत्र अमेरिकेतच छापून आले. त्यासाठी कोणाच्याही परवान्याची गरज पडली नाही.