शाळेचे वर्ष तोकडे पडल्यास शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचे काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा-लोहारा परिसरातील शाळा कोसळल्या. मार्च २०२० पासून करोनामुळे वर्ग बंद राहिले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने भूम-परांड्याला झोडपले. अशा वेळी धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकांच्या मनात एक शंका येते : बंद पडलेले दिवस सेवेतून वजा होतात काय? याचे उत्तर शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे, असे आम्हांस नमूद करावेसे वाटते.

अनुदानित शाळा : १ नोव्हेंबर २००५ पूर्वी अनुदानित पदावर नेमलेल्या शिक्षकांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. त्यांची अर्हताकारी सेवा अध्यापनाच्या दिवसांनी नव्हे, तर नियुक्ती ते निवृत्ती या कालावधीने मोजली जाते. शिक्षण हक्क कायद्यातील २०० दिवस (पहिली ते पाचवी) व २२० दिवस (सहावी ते आठवी) हा शाळेसाठीचा निकष आहे. शासनाने शाळा बंद ठेवली, तरी शिक्षक सेवेतच असतो. अनधिकृत गैरहजेरीने मात्र सेवेत खंड पडू शकतो.

विनाअनुदानित शाळा : खरी झळ येथे बसते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये वर्गणीचा काळच हिशेबात येतो. वेतन नाही, तर वर्गणी नाही. सरासरी वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक निवृत्तिवेतन मिळते. वेतन १५,००० रुपये धरल्यास १८ वर्षांच्या सेवेवर ३,८५७ रुपये होतात. परंतु दरवर्षी दहाच महिन्यांचे वेतन दिले गेले असेल, तर १५ वर्षेच उरतात व रक्कम ३,२१४ रुपयांवर येते. दरमहा ६४३ रुपयांची ही तूट आयुष्यभराची असते. घड्याळी तासिकेवरील शिक्षकांची स्थिती तर अधिकच नाजूक. वर्ग भरला नाही, तर मानधनही नाही.

परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरूम नोव्हारूम' या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. आमच्या ख्रिस्ती संस्थांनी सुट्टीतील वेतन व वर्गणी चुकवू नये, ही त्याच शिकवणीची मागणी होय. शिक्षक बंधुभगिनींनीही दरवर्षी आपले सेवापुस्तक अथवा भविष्य निर्वाह निधीचे पासबुक तपासावे. राहिलेली नोंद वेळीच दुरुस्त करून घेणे सोपे असते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर तेच काम फार जड जाते.