कळकणारे ताक, न कळकणारे दूध

मराठीत ‘कळकणे’ असे एक नेमके क्रियापद आहे. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी राहिली, की ती कळकते. तिची चव बिघडते आणि घरची गृहिणी ती टाकून देते. कल्हईवाल्याला वेळेवर बोलावण्यामागे हेच व्यवहारज्ञान होते. दूध मात्र सहसा असे कळकलेले जाणवत नाही. सुरतेत येऊन वसलेल्या खानदेशी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनाही ही भांडी परिचित आहेत. दुधाच्या या मौनात एका जीवघेण्या बालरोगाचा धागा दडला होता. तो उलगडण्याचे मोठे काम पुण्यात झाले, म्हणून त्याची आठवण येथे करून देत आहोत.

वैद्यकात हा रोग ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने ओळखला गेला. 1887 साली कलकत्त्यातील सेन यांनी त्याचे वर्णन केले होते. बहुधा सहा महिने ते तीन वर्षे वयाचे मूल चिडचिडे होई, पोट वाढे, यकृत घट्ट लागे; पुढे कावीळ व जलोदर होऊन काही महिन्यांत ते दगावे. एकाच घरात दुसरे मूलही त्याच वाटेने जाई. साहजिकच आनुवंशिकतेकडे बोट दाखवले गेले. परंतु एका घरातील भावंडांना रक्ताबरोबर स्वयंपाकघरही समान मिळते, हे लक्षात यायला बराच काळ गेला.

1979 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले असल्याचे दाखवले. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत त्या कामात पुण्याचे डॉ. आनंद पंडित होते. पुढे के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे यांच्या सहभागाने आहाराची चौकशी झाली. 1983 च्या निबंधात पितळी भांड्यांत तापवलेले व साठवलेले जनावराचे दूध लवकर सुरू करणे हे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. पितळ म्हणजे तांबे व जस्त. त्यातून सुटलेले तांबे दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जाते.

मोठ्या माणसाला ते बाधले नाही आणि बाळाला बाधले, याचे कारण बाळाचे यकृत म्हणजे मोठ्यांच्या यकृताची छोटी प्रतिकृती नव्हे. जन्मतःच त्यात तांब्याचा साठा असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अपुरी असते. औषधांच्या बाबतीतही हेच घडते. 1959 साली क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकामुळे नवजात अर्भके निळसर-राखाडी पडून दगावल्याची नोंद झाली. ते औषध निकामी करणारी यकृताची यंत्रणा त्यांच्यात अजून तयार झालेली नव्हती.

उपचाराचा शोधही तांब्याच्या दिशेने गेला. जॉन वॉल्श यांनी 1956 मध्ये विल्सन विकारासाठी सुचवलेले पेनिसिलामाइन तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. पुण्यात त्याची नियंत्रित चाचणी झाली व तिचे निष्कर्ष 1987 साली प्रसिद्ध झाले. रोग लवकर ओळखला गेलेल्या मुलांना आशा मिळाली; कावीळ व जलोदर झालेल्या मुलांच्या बाबतीत यश फार मर्यादित राहिले.

म्हणूनच औषधाहून भांडे बदलणे अधिक मोलाचे ठरले. 1992 साली पुण्याच्या चमूने प्रतिबंधावरही लिहिले. काही भारतीय विकृतिशास्त्रज्ञांना तांब्याला इतके निर्णायक स्थान देणे मान्य नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. मात्र ऑस्ट्रियातील टिरोल भागात 1900 ते 1974 या काळात असाच रोग झालेल्या 138 बालकांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतील दूध आढळले, शिवाय आनुवंशिक दुबळेपणाचाही संशय होता. ती भांडी गेली आणि रोगही गेला. आपल्याकडे स्टीलने पितळेची जागा घेतली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग दुर्मीळ झाला.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचे कौतुक आज पुन्हा होत आहे. त्यास आमचा विरोध नाही. फक्त तान्ह्या बाळाचे दूध त्यांत तापवू वा साठवू नये, एवढी या इतिहासाची शिकवण घराघरांत राहावी.